रुमालाबाहेर आलेला आकडा: जेरेमी स्वेमन आणि बॉस्टन ब्रुइन्स यांचा करार

सोमवार, ३० सप्टेंबर २०२४. बॉस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी संघाचा मोसम आठ दिवसांवर आला होता, आणि पहिल्या पसंतीचा गोलरक्षक जेरेमी स्वेमन करार न झाल्यामुळे सराव शिबिराला आलेलाच नव्हता. पत्रकार परिषदेत संघाचे अध्यक्ष कॅम नीली यांना याबद्दल विचारलं गेलं. त्याची मागणी किती आहे या तपशिलात मला शिरायचं नाही, असं म्हणता म्हणता नीली पुढे बोलून गेले: मी असतो तर आत्ता मैदानावर असतो, आणि त्याला माझ्याकडे ६४ मिलियन कारणं आहेत.

६४ मिलियन म्हणजे ६ कोटी ४० लाख डॉलर. स्वेमनचे एजंट लुइस ग्रॉस यांनी त्याच दिवशी इन्स्टाग्रामवर निवेदन टाकलं. त्याचा आशय असा: आमच्या बोलण्यांत हा आकडा आज पहिल्यांदा आला, त्याआधी या पातळीची ऑफर आम्हाला कधी दिलेलीच नव्हती, जेरेमीवर हा अन्याय आहे, आणि पुढे काय करायचं ते आम्ही काही दिवसांत ठरवू.

आपल्याकडे जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरायचा. भोवती दहा माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहायचा. चारचौघांत एकदा आकडा आला की तो कमीजास्त करताना भीड आणि अब्रू आडवी येते, हे त्या पद्धतीमागचं शहाणपण. नीलींनी त्या सोमवारी रुमाल उचलला. सहा दिवसांनी करार झाला: आठ वर्षं, ६ कोटी ६० लाख डॉलर. म्हणजे जाहीर झालेल्या आकड्यापेक्षा वर्षाला अडीच लाख डॉलर जास्त. ज्या संघाची त्या मोसमातली पगारमर्यादा, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेली कमाल मर्यादा, ८ कोटी ८० लाख डॉलर होती, त्याच्यासाठी अडीच लाख ही किरकोळ रक्कम.

इतक्या फरकासाठी कोणी संपूर्ण शिबिर बुडवत नाही. मला वाटतं, हे भांडण पैशांचं फार थोडं होतं. चौदा महिन्यांपूर्वी एका बंद खोलीत जे बोललं गेलं त्याचं ते भांडण होतं, आणि त्यानंतर ब्रुइन्सनी आपली कामं ज्या क्रमाने केली त्या क्रमाचं होतं.

गोलरक्षकाचा भाव

हॉकीतला गोलकीपर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे श्रीजेश येतो. पॅरिसचं कांस्यपदक घेऊन तो ऑगस्ट २०२४ मध्ये निवृत्त झाला, त्याच महिन्यात तिकडे बॉस्टनमध्ये ही बोलणी अडलेली होती. बर्फावरच्या हॉकीतही गोलरक्षकाचं स्थान तसंच एकाकी. बाकीचे खेळाडू मिनिटभराच्या आत बदलत राहतात, हा एकटा बहुतेक सगळे साठ मिनिटं उभा असतो. एका वेळी एकच गोलरक्षक खेळतो, त्यामुळे जगातल्या या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, पहिल्या पसंतीच्या गोलरक्षकाच्या जागा संघांइतक्याच, ३२.

जागा थोड्या असल्या तर भाव पक्का ठरायला हवा. तो ठरत नाही, कारण गोलरक्षकाचं मोजमाप फसवं असतं. अडवलेल्या फटक्यांची टक्केवारी हे मुख्य माप. पण पुढचे बचावपटू चांगले असतील तर येणारे फटकेच सोपे होतात, आणि तोच माणूस दुसऱ्या संघात साधारण वाटायला लागतो. त्यात दरवर्षीचे चढउतार. आयपीएलमध्ये खेळाडूचा भाव लिलावात काही मिनिटांत फुटतो आणि पुन्हा लिलाव येतो. इथे एका बैठकीत आठ वर्षांचा शब्द द्यायचा होता.

स्वेमन अलास्कातल्या अँकरेजचा. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने तरुण खेळाडूंचे हक्क निवडतात त्या निवडीत, ब्रुइन्सनी त्याला चौथ्या फेरीत, १११व्या क्रमांकावर घेतलं. मेन विद्यापीठातून खेळून तो एप्रिल २०२१ मध्ये मुख्य संघात आला. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत नियमित मोसमांतले १३२ सामने, ७९ विजय आणि ९१.९ टक्के फटके अडवलेले. त्या वसंतातल्या प्लेऑफमध्ये तर १२ सामन्यांत ९३.३ टक्के, टोरंटोला सात सामन्यांच्या झुंजीत हरवण्यात त्याचा मोठा वाटा होता.

पण संघाच्या बाजूनेही एक खरा मुद्दा होता आणि तो झटकून टाकता येत नाही. एका मोसमात ४४ पेक्षा जास्त सामने स्वेमन कधीच खेळला नव्हता. लिनस उल्मार्क आणि तो, दोघांनी काम वाटून घेतलं होतं. २०२२-२३ मध्ये ब्रुइन्सनी ६५ विजय आणि १३५ गुणांचा विक्रम केला तेव्हा सर्वांत कमी गोल खाल्ल्याबद्दलचा जेनिंग्ज करंडक दोघांना मिळून मिळाला, आणि सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक उल्मार्कला. विजयानंतर दोघांनी एकमेकांना मारलेली मिठी ही बॉस्टनमधली लाडकी गोष्ट झाली होती. एकट्याच्या खांद्यावर साठ सामन्यांचं ओझं दिलं तर स्वेमन काय करील, याचा पुरावा कोणाकडेच नव्हता.

लवादातली जखम

२०२३ च्या उन्हाळ्यात ब्रुइन्स कफल्लक होते. पॅट्रिस बर्जरॉन आणि डेव्हिड क्रेची या दोन ज्येष्ठांचे बोनस पुढच्या वर्षाच्या मर्यादेत आले आणि त्यात ४५ लाख डॉलर गेले. स्वेमन तेव्हा ‘रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट’ होता: करार संपलेला, पण हक्क संघाकडेच. अशा खेळाडूला एक वाट असते, लवादाची. तो त्या वाटेने गेला.

लवादासमोर संघाने आकडा दिला २० लाख डॉलर. स्वेमनच्या बाजूने ४८ लाख. निकाल ३४ लाख ७५ हजार, जवळजवळ मध्यावर. खेळाडू लवादाकडे गेला तर मुदत एका वर्षाची की दोन, हे संघ निवडतो. ती एका वर्षाची झाली.

लवादाची पद्धत समजून घेतली की पुढचं सगळं समजतं. वृत्तपत्रातली मतं किंवा संघाची आर्थिक स्थिती तिथे पुरावा म्हणून चालत नाही. चालतं ते एवढंच: खेळाडूची कामगिरी, खेळलेले सामने, संघाच्या यशातला वाटा, आणि त्याच्या तोडीच्या इतरांचे करार. म्हणजे पैसे वाचवायचे तर हा खेळाडू वाटतो तितका चांगला नाही, हे संघाला सिद्ध करून दाखवावं लागतं, आणि तेही त्याच्यासमोर. २४ वर्षांचा मुलगा समोर बसलेला असतो आणि ज्यांच्यासाठी तो खेळतो त्यांचा वकील त्याच्या उणिवा वाचून दाखवत असतो. स्वेमन त्यानंतर उघडपणे बोलला. आपल्या कुठल्याही मित्रावर वा सहकाऱ्यावर ही वेळ येऊ नये, असं त्याचं म्हणणं होतं. वर्षभरानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये एका पॉडकास्टवर तो पुन्हा त्याच विषयाकडे वळला: ते ऐकलेलं विसरलो नाही, आणि आपली किंमत कमी करून घेणं हे इतर गोलरक्षकांच्याही दृष्टीने बरोबर नाही.

संघाच्या मागणीपेक्षा लवादाने त्याला पावणेपंधरा लाख जास्त दिले आणि त्याच्या स्वतःच्या मागणीपेक्षा सव्वातेरा लाख कमी. दोन्ही बाजूंनी एका वर्षापुरता हिशेब मिटवला. मला इथे संघाची चूक मोठी वाटते. २० लाख हा आकडा लवादातला डावपेच होता हे मान्य, मध्य खाली ओढायला सगळेच असं करतात. पण ज्याच्याशी पुढच्याच वर्षी आठ वर्षांचं नातं बांधायचं आहे, त्याच्यासमोर डावपेच म्हणून उच्चारलेला आकडासुद्धा मत म्हणूनच ऐकला जातो. व्यवस्थापक डॉन स्वीनी आणि नीली दोघेही ब्रुइन्सकडून वर्षानुवर्षं खेळलेले. खेळाडूला हे कसं लागतं, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

जूनचा सौदा, जुलैची खरेदी

आता क्रम पाहा.

२४ जून २०२४: उल्मार्कला ओटावा सेनेटर्सकडे दिलं. बदल्यात गोलरक्षक युनास कोर्पिसालो, मार्क कॅस्टेलिक आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली एक निवड. १ जुलै: एलायस लिंडहोमला सात वर्षांसाठी वर्षाला ७७ लाख ५० हजार, निकिता झाडोरोव्हला सहा वर्षांसाठी वर्षाला ५० लाख. यानंतर पगारमर्यादेत उरली जागा साडेआठ दशलक्ष डॉलरच्या किंचित वर. आणि स्वेमनचा करार अजून झालेलाच नव्हता.

उल्मार्कला विकण्यामागे हिशेब होता. त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं, आणि दोन महागडे गोलरक्षक कोणालाच परवडत नाहीत. पण उल्मार्क संघात असेपर्यंत ब्रुइन्सकडे एक वाक्य होतं जे उच्चारायचीही गरज नव्हती: आमच्याकडे वेझिना जिंकलेला माणूस आहे, आम्ही थांबू शकतो. २४ जूननंतर ते वाक्य गेलं. कोर्पिसालो भला माणूस, पण मागच्या मोसमात ओटावाकडून त्याने ८९ टक्के फटके अडवले होते. त्याच्या भरवशावर थांबण्याची धमकी देता येत नाही.

मर्यादेतल्या जागेचंही तसंच झालं. हे सगळे आकडे जाहीर असतात, कुठल्याही चाहत्याला ते पाहता येतात. एजंटला तर पाठ असतात. साडेआठ दशलक्ष शिल्लक आहेत आणि दुसरं कोणी घ्यायचं उरलेलं नाही, हे दिसत असताना सात दशलक्षांची ऑफर कोण स्वीकारील? खिशात किती आहेत ते दाखवून बाजारात उभं राहावं, तसं ते झालं.

कोणाच्या हातात काय होतं

संघाच्या हातातली सर्वांत मजबूत गोष्ट म्हणजे नियम. स्वेमनला पूर्ण मोकळं व्हायला अजून दोन वर्षं होती. आठ वर्षांचा करार केला तर त्यातली पहिली दोन वर्षं संघाचीच हक्काची, विकत घ्यायची ती पुढची सहा. म्हणून पूर्ण बाजारभाव लागू होत नाही, हा संघाचा युक्तिवाद बरोबरच होता. दुसऱ्या संघाने त्याला ऑफर दिलीच तर ब्रुइन्सना ती बरोबरीने स्वीकारून त्याला ठेवता येत होतं. आणि शेवटची तलवार १ डिसेंबरची: त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सही झाली नाही तर तो मोसम खेळता येत नाही. २०१८ मध्ये टोरंटोच्या विल्यम नीलॅंडरने मुदत संपता संपता सही केली होती.

स्वेमनने या वेळी लवादाचा अर्ज केलाच नाही. मला हा त्याच्या बाजूचा सर्वांत विचारपूर्वक निर्णय वाटतो. अर्ज केला असता तर तारीख ठरली असती, आकडा कोणीतरी तिसऱ्याने ठरवला असता, आणि पुन्हा तीच खोली. अर्ज न करून त्याने वेळ आपल्याकडे ठेवला.

आणि वेळेचं गणित संघाला वाटलं त्यापेक्षा जास्त त्याच्या बाजूने होतं. एनएचएलमध्ये पगार नियमित मोसमाच्या दिवसांवर मिळतो, सराव शिबिराचा मिळत नाही. म्हणजे सप्टेंबरभर घरी बसून स्वेमनचा एक डॉलरही बुडत नव्हता. उलट मोसम सुरू झाल्यावर सही झाली, तर पहिल्या वर्षी पगारमर्यादेत धरायचा आकडा दिवसागणिक फुगतो. नीलॅंडरच्या बाबतीत नंतरच्या वर्षांत जो ७० लाखांच्या आसपास होता, तो पहिल्या वर्षी एक कोटीच्या वर गेला होता. ब्रुइन्सकडे तर जेमतेम साडेआठ दशलक्षांचीच जागा. काही आठवडे गेले असते तर ज्या आकड्यावर दोघं राजी झाले असते, तो आकडा त्यांच्या मर्यादेत मावलाच नसता. डिसेंबरची तलवार खेळाडूवर होती, ऑक्टोबरची संघावर. करार ६ ऑक्टोबरला, पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी झाला, हा योगायोग नव्हे.

नीलींचं वाक्य

मग ते वाक्य कशासाठी होतं? चाहत्यांना बाजूने ओढण्यासाठी, असं मला वाटतं. ६ कोटी ४० लाख डॉलर नाकारणारा २५ वर्षांचा मुलगा, हे चित्र कुठल्याही कामगार वस्तीतल्या शहरात खेळाडूच्या विरोधात जातं. तिकीट काढून येणाऱ्या माणसाला आठ वर्षांत विभागणी, पगारमर्यादेचा टक्का, तोडीच्या खेळाडूंचे करार यांत रस नसतो.

पण त्या वाक्याने तीन गोष्टी एकदम झाल्या. ६ कोटी ४० लाख ही कमाल मर्यादा असेल तर ती त्या क्षणापासून किमान मर्यादा झाली. याखाली सही करणं स्वेमनला अशक्य होतं, कारण जगाला आकडा माहीत झाला होता. दुसरं, एजंटने तो आकडा कधी मिळालाच नव्हता असं सांगितल्यावर प्रश्न रकमेचा न राहता खरं-खोट्याचा झाला. आणि तिसरं, लवादाच्या खोलीतली आठवण पुन्हा वर आली, या वेळी साऱ्या शहरासमोर. त्याच व्यासपीठावर स्वीनी होते, प्रशिक्षक जिम माँटगोमेरी होते, मालकांच्या घराण्यातले चार्ली जेकब्स होते. बोलायचंच होतं तर ते एकाने आणि कमी शब्दांत बोलता आलं असतं.

स्वेमनच्या बाजूचंही मोजमाप व्हायला हवं. इन्स्टाग्रामवरचं निवेदन समजण्यासारखं होतं, खोटं पाडलं जात असताना गप्प बसणं कठीण. मात्र शिबिरापासून पूर्ण लांब राहण्याची किंमत गोलरक्षकाला इतरांपेक्षा जास्त मोजावी लागते, आणि ती किंमत त्याच्या बाजूने बहुधा कमी धरली गेली. पुढच्या फळीतला खेळाडू पहिल्या आठवड्यात दोन चुका करून निभावून नेतो. गोलरक्षकाची नजर, कोन, गर्दीतून येणारा पक (बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी असते ती चकती) हेरण्याची सवय ही सराव सामन्यांतल्या खऱ्या फटक्यांवरच बसते. उल्मार्क गेल्यावर चूक झाकायला मागे कोणी नव्हतं, हेही नवीन.

वर्षाला ८२ लाख ५० हजार

हा आकडा आला कुठून ते पाहण्यासारखं आहे. न्यूयॉर्क आयलंडर्सच्या इल्या सोरोकिनचा करार नेमका तोच: आठ वर्षं, वर्षाला ८२ लाख ५० हजार. विनिपेगच्या कॉनर हेलेबाइकला ८५ लाख, आणि त्याच्याकडे दोन वेझिना होते. नॅशव्हिलच्या यूसे सारोसने त्याच १ जुलैला ७७ लाख ४० हजारांवर सही केली होती. या तिघांच्या मधोमध स्वेमनला बसवलं गेलं. त्याच्याच संघातले चार्ली मॅकॅव्हॉय ९५ लाखांवर आणि डेव्हिड पास्टर्नाक १ कोटी १२ लाख ५० हजारांवर, त्यांच्या खाली. कामगिरी पाहिली तर योग्य, सामन्यांची संख्या पाहिली तर थोडा पुढचा विश्वास टाकलेला. हा करार आठ वर्षांचा असल्यामुळे मी त्याला महाग म्हणणार नाही. पहिल्या वर्षी तो पगारमर्यादेच्या ९.४ टक्के होता. चार महिन्यांनी लीगने जाहीर केलेल्या वाढीनुसार २०२७-२८ मध्ये मर्यादा ११ कोटी ३५ लाख होईल, तेव्हा तो ७.३ टक्क्यांवर येईल.

म्हणूनच हळहळ वाटते. हा आकडा जुलैमध्येही तोच होता. तेव्हा सोरोकिन आणि हेलेबाइकचे करार जुने झाले होते, सारोसचा ताजा होता, उरलेली जागा साऱ्यांना दिसत होती. उल्मार्कला द्यायच्या आधी, किंवा निदान लिंडहोम आणि झाडोरोव्हच्या आधी, स्वेमनसमोर ६ कोटी ४० लाखांची लेखी ऑफर ठेवली असती, आणि तिच्याबरोबर नीली वा स्वीनी यांनी समोर बसून लवादातल्या बोलण्याबद्दल दोन मोकळे शब्द सांगितले असते, तर जुलैतच सही होणं अवघड नव्हतं असं मला मनापासून वाटतं. तेव्हा ती ऑफर मान ठरली असती. सप्टेंबरच्या अखेरीस पत्रकारांच्या तोंडून पोचल्यावर तीच आरोप ठरली.

नंतरचं वर्ष

८ ऑक्टोबरला फ्लोरिडात पहिला सामना कोर्पिसालोने खेळला, ब्रुइन्स ६-४ ने हरले. १० तारखेला घरच्या मैदानावर माँट्रियालविरुद्ध स्वेमन उतरला आणि त्याच ६-४ ने जिंकला. पण मोसम हाताबाहेर गेला. त्याने ५८ सामने खेळले, २२ जिंकले, फटके अडवण्याचं प्रमाण ९१.६ वरून ८९.२ टक्क्यांवर आलं. हजार फटक्यांमागे २४ गोल जास्त, असा त्याचा अर्थ. १९ नोव्हेंबरला माँटगोमेरींना काढलं. मार्चमध्ये कर्णधार ब्रॅड मार्शंडला फ्लोरिडाला दिलं. २०१६ नंतर पहिल्यांदाच संघ प्लेऑफला मुकला.

सगळं खापर बुडालेल्या शिबिरावर फोडता येणार नाही. पुढची बचावफळीच ढासळली होती, मॅकॅव्हॉयसारखे खेळाडू दुखापतींनी बाहेर होते. तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला अडखळणारा स्वेमन पाहताना त्या रिकाम्या सप्टेंबरची आठवण येत राहायची. मे २०२५ मध्ये स्टॉकहोमला जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तोच माणूस अमेरिकेसाठी उभा राहिला आणि स्वित्झर्लंडला एकही गोल करू दिला नाही. जादा वेळेत १-० असा विजय, आणि स्वतंत्रपणे भरलेल्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचं १९३३ नंतरचं पहिलं सुवर्ण.

बाजारावर मात्र स्वेमनच्या सहीचा परिणाम व्हायला तेवढाही वेळ लागला नाही. १७ ऑक्टोबरला डॅलसच्या जेक ऑटिंजरने हुबेहूब तोच करार केला, आठ वर्षं आणि ६ कोटी ६० लाख. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सच्या इगोर शेस्टर्किनने वर्षाला १ कोटी १५ लाखांवर जाऊन गोलरक्षकांचा विक्रम केला. आणि या दोघांच्याही आधी, स्वेमनच्या सहीनंतर तीनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, ओटावाने उल्मार्कशी चार वर्षांचा नवा करार केला. वर्षाचा आकडा: ८२ लाख ५० हजार डॉलर.